पोटातले पोटॅशियम

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दोन घोट ताक एवढे पोटात गेले की आपण जेवणाचा विषय विसरून जातो. विसरावाच लागतो, कारण घास घशाखाली उतरला की त्याच्यावरची आपली सत्ता संपते. हात उचलावयाचा मनात आणले तर तो उचलता येतो. परंतु 'जठरा, आता जरा जोराने घुसळ' असे कितीही म्हटले तरी त्याचा काही उपयोग नाही. अन्ननलिकेच्या खालच्या भागापासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळा कारभार मृदू स्नायूंच्या हाती असतो, आणि हे स्नायू आपली आज्ञा मानीत नाहीत. त्यांना आपण अनैच्छिक स्नायू म्हणतो ते याचसाठी.

मग ते कोणाची आज्ञा मानतात? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तुमच्यापुढे एक कोडे ठेवतो. घरातील लहान मुलाला दोन-तीन दिवस जोराचे जुलाब होतात. चौथ्या दिवशी ते थांबतात आणि घरच्यांना हायसे वाटते. पण मूल मलूल पडून असते, पोट हळूहळू फुगत जाऊन नगाऱ्यासारखे ताणले जाते. डॉक्टर पोटाला नळी लावून ऐकतात तो आत नेहमीची गुडगुड नाहीच, सारे सामसूम! जुलाब थांबले ते मूल बरे झाले म्हणून नव्हे, तर आतडेच थांबले म्हणून. कालपर्यंत इतके धावणारे आतडे आज एकाएकी का बसले?

उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात आहेच. पण ते नीट समजायचे तर भौतिकीचे पुस्तक उघडावे लागते. भौतिकी शिकविणाऱ्या माणसाने पोटाविषयी लिहिण्याचे धाडस केले आहे ते एवढ्याच आधारावर.

आतड्याच्या भिंतीतील मृदू स्नायूची एक पेशी डोळ्यांसमोर आणा. ती चातीसारखी असते, म्हणजे मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. लांबी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी किंवा थोडी अधिक, जाडी त्याच्याही विसाव्या हिश्श्याएवढी. भोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ पटल. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन भरपूर असतात, दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल. बाहेरच्या द्रवात मात्र ते केवळ ४ मिलिमोल असतात. सोडियमची स्थिती नेमकी उलटी, बाहेर खूप आणि आत थोडे. ही विषमता आपोआप टिकत नाही. पटलात बसविलेला एक पंप तीन सोडियम आयन बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत ओढतो, व हे काम तो जन्मभर करीत राहतो.

आता या पटलाला काही दारे असून त्यांतून फक्त पोटॅशियमच जाऊ शकतो असे समजा. काय होईल? पाण्यात शाईचा थेंब टाकला की शाई दाटीकडून विरळाकडे पसरते. त्याच न्यायाने पोटॅशियम बाहेर पडू लागेल. पण पोटॅशियमच्या प्रत्येक आयनावर एक धन विद्युत्भार असतो. तो बाहेर गेला की आतला भाग तेवढा ऋण होतो, आणि हा ऋणभार उरलेल्या पोटॅशियमला मागे ओढू लागतो. बाहेर ढकलणारे विसरण आणि आत ओढणारे विद्युत्बल यांची बरोबरी झाली की निव्वळ जा-ये थांबते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तोलाचे गणित मांडले. शरीराच्या तापमानाला त्याचे सार असे, की आतबाहेरच्या संहतीत दहा पटींचा फरक असेल तर पटलावर ६१.५ मिलिव्होल्टचे विभवांतर तोल राखते. आपल्या उदाहरणात फरक ३५ पटींचा आहे. ३५ चा लॉगॅरिदम १.५४. त्याला ६१.५ ने गुणले की सुमारे ९५ मिलिव्होल्ट, आतली बाजू ऋण.

प्रत्यक्षात आतड्याच्या पेशीत हे विभवांतर ५० ते ६० मिलिव्होल्टच्या आसपास आढळते, कारण सोडियम आणि इतर आयनही थोडेफार झिरपत असतात. आकडा तुम्हांला क्षुल्लक वाटेल. विजेरीतील एका सेलच्या पंचविसाव्या भागाएवढासुद्धा नाही. पण पटलाची जाडी पाहा. ती मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी, सुमारे ६ नॅनोमीटर. ६० मिलिव्होल्टला ६ नॅनोमीटरने भागा. विद्युत्क्षेत्र येते मीटरला एक कोटी व्होल्ट! कोरड्या हवेतून ठिणगी उडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे आपल्या पोटातील प्रत्येक पेशीचे पटल ढगातल्या विजेहूनही तीव्र क्षेत्र निमूटपणे सहन करीत असते.

आणि हे सारे घडविण्यासाठी किती पोटॅशियम बाहेर जावा लागतो? पटल हा एक कन्डेन्सरच आहे. त्याची धारिता मोजता येते, तीवरून हिशेब होतो. अशा एका पेशीसाठी तो सुमारे दोन कोटी आयनांचा निघतो. पेशीत एकूण पोटॅशियम आयन असतात सुमारे पंचवीस हजार कोटी. बारा हजारांतला जेमतेम एक बाहेर पडला की काम झाले. तेव्हा पोटॅशियम 'संपून' जाण्याचा प्रश्न येथे येत नाही. प्रश्न आहे तो दार उघडे की बंद एवढाच.

या दारांना शास्त्रज्ञ आयनमार्ग म्हणतात. ती प्रथिनांची असतात. त्यांची करामत अशी, की पोटॅशियमपेक्षा सोडियमचा आयन लहान असूनही तो त्यांतून जाऊ शकत नाही. मोठा जातो आणि लहान अडतो, ही कसली चाळण? अनेक वर्षे हे गूढ होते. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियममार्गाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. पाण्यात प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंचे पांघरूण घेऊन फिरतो. अरुंद मार्गात शिरायचे तर ते टाकावे लागते, आणि टाकण्यास ऊर्जा लागते. मार्गाच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसविलेले आहेत, की पोटॅशियमला तेथे पाण्याच्या पांघरुणासारखाच आधार मिळतो. त्यामुळे त्याचे नुकसान होत नाही. सोडियम लहान. वडिलांच्या चपलेत पाय घालणाऱ्या मुलासारखा तो तेथे सैल पडतो, कोणत्याच बाजूचा आधार त्याला पुरेसा मिळत नाही. मग पाणी सोडून आत शिरण्यापेक्षा तो बाहेर राहणेच पत्करतो. पोटॅशियम मात्र एका उघड्या दारातून सेकंदाला कोट्यवधींच्या संख्येने निघून जातो. या शोधासाठी मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता स्नायूकडे वळू. मृदू स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे. पेशीच्या आत मोकळा कॅल्शियम फार थोडा असतो, बाहेरच्या मानाने दहा हजारांतला एक भाग. पटलावरील ऋण विभव कमी झाले, म्हणजे साठ मिलिव्होल्टवरून चाळीसच्या आसपास आले, की कॅल्शियमची दारे उघडू लागतात, कॅल्शियम आत शिरतो आणि पेशी आखडते. पोटॅशियमची दारे उघडली की याच्या अगदी उलट घडते. धन भार बाहेर गेल्याने आतली बाजू अधिक ऋण होते, कॅल्शियमची दारे मिटतात, पेशी सैल पडते. म्हणजे कॅल्शियम हा गाडीचा जोर आणि पोटॅशियम हा तिचा ब्रेक होय.

या ब्रेकचे अनेक प्रकार आतड्यात आहेत. त्यांतला एक विशेष मौजेचा आहे. हा मार्ग पोटॅशियमच्या इतर मार्गांपेक्षा कितीतरी अधिक वाहक असल्याने त्याला 'मोठा मार्ग' म्हणतात. तो उघडतो दोन गोष्टींनी, पटलावरील ऋण विभव घटल्याने आणि आतील कॅल्शियम वाढल्याने. थोडा विचार करा. कॅल्शियम आत आला की स्नायू आखडणार. पण तोच कॅल्शियम या मोठ्या मार्गाचे दार उघडणार, पोटॅशियम बाहेर जाणार, आणि कॅल्शियमचीच वाट बंद होणार! स्वयंपाकघरातील कुकर आठवा. वाफेचा दाब वाढला की ती वाफच शिट्टी उचलते आणि बाहेर पडून दाब उतरविते. कोणी पाहारा करावा लागत नाही.

एवढे असले तरी आतडे चालते ते तालावर. आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या थरांमध्ये, काही निराळ्या पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या पेशी विभवाच्या संथ लाटा निर्माण करतात. माणसाच्या जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे १२, शेवटाकडे ८ ते ९. प्रत्येक लाटेबरोबर स्नायुपेशीतले ऋण विभव थोडे घटते आणि पुन्हा वाढते. पण लाट आली म्हणून आकुंचन होतेच असे नाही. ओढ्याला लोंढा आला तरी पाणी बांधावरून जाईल की नाही हे बांधाच्या उंचीवर ठरते. पोटॅशियमची दारे किती उघडी आहेत यावर आपल्या या बांधाची उंची ठरत असते.

अन्न पुढे सरकावयाचे तर घासाच्या मागचा भाग आवळला पाहिजे हे कोणालाही सुचेल. परंतु केवळ तेवढ्याने भागत नाही. पुढचा भाग त्याच वेळी सैल झाला पाहिजे, नाही तर घास जाणार कोठे? इंग्लंडमधील बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून हा नियम दाखवून दिला. मागे आकुंचन आणि पुढे शिथिलता अशी ही जोडी आतड्यातून सरकत जाते; तिलाच आपण क्रमसंकोच म्हणतो. आकुंचनाकडे साऱ्यांचे लक्ष जाते. माझ्या मते खरी गंमत शिथिलतेत आहे. कारण ती आपोआप येत नाही, ती आणावी लागते. आतड्याच्या भिंतीतील चेतातंतू घासाच्या पुढच्या बाजूला काही रसायने सोडतात. त्यांपैकी एटीपी या रसायनाच्या वर्गातील निरोप पोचला की पोटॅशियमचे एक 'लहान मार्गां'चे दालन उघडते आणि पुढचा भाग सैल पडतो.

हे पोटॅशियममुळेच होते हे कशावरून? याचा पुरावा दिला मधमाशीने. मधमाशीच्या विषात ॲपामिन नावाचे एक लहान प्रथिन असते. ते पोटॅशियमचे हे लहान मार्ग बुजविते. १९७९ मध्ये गिनीपिगच्या आतड्याच्या स्नायूवर प्रयोग झाले. एटीपीमुळे पोटॅशियमची जी वाट खुली होते, ती ॲपामिन घातल्यावर खुली होईना. कुलपाचा प्रकार कळला तो असा, त्यात अडकणारी किल्ली सापडली म्हणून.

मोठ्या मार्गाची किल्ली मात्र आपल्याच मातीतून गेली. महाराष्ट्रात लाल विंचू कोणाला माहीत नाही? कोकणातील भाताच्या पेंढ्यात, घराच्या कौलांत, दगडांच्या ढिगात तो असतो. त्याच्या दंशाने एके काळी, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, आणि रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी या दंशाचा अभ्यास केला. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, मग हृदयावर ताण आणि फुप्फुसांत पाणी अशी लक्षणांची क्रमवारी त्यांनी नोंदविली. त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले. त्यासंबंधीचा लेख १९८६ चा. वेळेवर उपचार मिळणाऱ्या रोग्यांत शंभरांत तीसच्या आसपास असलेले मृत्यू त्यानंतर अगदी थोड्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. (विंचू चावल्यावर मंत्र, चिरा आणि पाला यांत वेळ न घालविता तडक दवाखाना गाठावा, हे विषयाला सोडून असले तरी सांगितलेच पाहिजे.)

या विंचवाचे विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, अनेक विषद्रव्यांची ती मिसळ आहे. जिवावर बेतते ते मुख्यतः सोडियमच्या दारांना मिटू न देणाऱ्या द्रव्यांमुळे. पण त्याच मिसळीत अत्यल्प प्रमाणात एक निराळे द्रव्य आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ते वेगळे केले आणि त्याला आयबेरिओटॉक्सिन हे नाव दिले. ३७ ॲमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पोटॅशियमच्या मोठ्या मार्गाच्या बाहेरच्या तोंडाशी बुचासारखी बसते. इतर पोटॅशियममार्गांना ती जवळजवळ हात लावीत नाही. शास्त्रज्ञांना नेमके हेच हवे होते. प्रयोगशाळेत आतड्याची पट्टी कोमट क्षारद्रवात टांगून ठेवली तर ती तासन् तास आपोआप हलत राहते. तीत हे बूच घातले आणि आकुंचने वाढली, तर ब्रेकचे काम मोठा मार्ग करीत होता असे ठरते. आज जगभर मृदू स्नायूंच्या, मग ते आतड्याचे असोत, रक्तवाहिनीचे असोत की मूत्राशयाचे, प्रयोगांत हे द्रव्य वापरले जाते. पुढे २००२ मध्ये याच लाल विंचवाच्या विषातून टॅमापिन नावाचे आणखी एक द्रव्य मिळाले. ते अडते लहान मार्गांत, मधमाशीच्या ॲपामिनप्रमाणेच! एका नांगीत दोन्ही कुलपांच्या किल्ल्या. विंचवाला अर्थात आपल्या आतड्यांशी काही कर्तव्य नाही. त्याला किडे मारायचे असतात. पण किड्यांत आणि आपल्यात ही दारे इतकी सारखी आहेत, की त्याचे शस्त्र आपल्या प्रयोगशाळेचे हत्यार झाले.

आता आरंभीचे कोडे घेऊ. शरीरातील पोटॅशियमपैकी शंभरांतील अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत असतो. बाहेरच्या द्रवात असतो तो फक्त दोन भाग. जुलाबांबरोबर पाणी आणि सोडियम जातात हे सर्वांना ठाऊक असते. पोटॅशियमही जातो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, बाहेरचा पोटॅशियम ४ मिलिमोलवरून २ वर आला. नेर्न्स्टचे गणित पुन्हा करा. १४० भागिले २ म्हणजे ७०, त्याचा लॉगॅरिदम १.८५, गुणिले ६१.५. उत्तर सुमारे ११३ मिलिव्होल्ट. मघाशी ते ९५ होते. पोटॅशियमची दारे तितकीच उघडी, पण त्यांतून बाहेर पडण्याची ओढ वाढली. पेशीची आतली बाजू नेहमीपेक्षा अधिक ऋण झाली, बांध उंच झाला. काहाल पेशींच्या लाटा आल्या तरी त्या बांधाखालीच विरतात, कॅल्शियमची दारे उघडत नाहीत, आतडे स्वस्थ पडून राहते. वायू आणि द्रव साठतात, पोट फुगते. हातापायांच्या स्नायूंनाही हेच गणित लागू असल्याने मूल मलूल होते.

गणित उलट बाजूनेही तपासता येते, आणि प्रयोगशाळेत ते रोज तपासले जाते. आतड्याच्या पट्टीभोवतीच्या द्रवात पोटॅशियम ६० मिलिमोलपर्यंत वाढविला की तोलाचे विभव ९५ वरून २३ मिलिव्होल्टवर घसरते. कॅल्शियमची दारे सताड उघडतात आणि पट्टी घट्ट आवळून बसते. कोणताही चेतातंतू नाही, कोणतेही औषध नाही, केवळ बाहेरच्या पोटॅशियमचा आकडा बदलला एवढेच. (हृदयालाही हे फार लागते. म्हणून शिरेतून पोटॅशियम देताना डॉक्टर तो अतिशय सावकाश आणि मोजून देतात.)

जुलाब होत असताना आपण घरी मीठ-साखरेचे पाणी देतो. ते उत्तमच, काही हाताशी नसताना तेच द्यावे. पण त्यात पोटॅशियम नसतो. शहाळ्याच्या पाण्यात आणि केळ्यात तो भरपूर असतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर आरोग्य पथके जलसंजीवनीच्या पुड्या वाटतात, तशी एक पुडी हाती आली तर तिच्यावरचा मजकूर वाचून पाहा. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइडचा रेणुभार ७४.५ धरून लिटरमागे किती मिलिमोल पोटॅशियम पडतो ते काढा. उत्तर २० यायला हवे.